शेंगेन व्हिसाचा पहिला अर्ज: कागदाला कागद जुळवण्याची गोष्ट

युरोपात पंधरा दिवस फिरायला किंवा चार दिवसांच्या कामाला जायचं, तर भारतीय पासपोर्टवाल्याला शेंगेन व्हिसा काढावा लागतो. या व्हिसासाठी बहुतेकांची मुलाखत होतच नाही. बोटांचे ठसे घेणाऱ्या खिडकीपलीकडच्या कर्मचाऱ्याला निर्णयाचा काडीचाही अधिकार नसतो, आणि ज्या अधिकाऱ्याला तो असतो त्याला बहुधा तुमचं तोंडही दिसत नाही. त्याच्या टेबलावर जाते ती फक्त फाइल. समोर बसून समजावून सांगू, एखादा राहिलेला मुद्दा तोंडी भरून काढू, असं इथे चालत नाही. म्हणून तयारी करताना एकच कसोटी लावावी: माझा एक कागद दुसऱ्या कागदाला खोटं पाडत नाही ना? पुढच्या सगळ्या पायऱ्या याच कसोटीवर घासून घ्यायच्या आहेत.

आधी नकाशा समजून घ्या

लक्झेंबर्गमधल्या शेंगेन नावाच्या छोट्या गावी १४ जून १९८५ रोजी पाच देशांनी आपापसातल्या सीमांवरची तपासणी हटवण्याचा करार केला. त्या व्यवस्थेत आज २९ देश आहेत. क्रोएशिया २०२३ मध्ये आला, बल्गेरिया आणि रोमेनिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे आत आले. त्यामुळे '२६ देश' किंवा '२७ देश' असं सांगणारी माहिती वाचनात आली तर ती जुनी आहे असं समजा.

शेंगेन आणि युरोपीय संघ हे दोन वेगळे गट आहेत. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइन संघात नाहीत, पण शेंगेनमध्ये आहेत. आयर्लंड संघात आहे, शेंगेनमध्ये नाही. ब्रिटन तर दोन्हींत नाही. पॅरिस करून लंडनला जायचं आणि तिथून परत ॲमस्टरडॅमला यायचं, असा बेत असेल तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागेल, शिवाय शेंगेन व्हिसाही एकापेक्षा जास्त प्रवेशांचा मागावा लागेल. लंडनला नुसतं विमान बदलायचं असलं, तरी ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे तिकीट काढण्याआधीच पाहून ठेवावं.

आपल्याला हवा तो 'सी' प्रकारचा, म्हणजे अल्प मुदतीचा व्हिसा. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहायची मुभा तो देतो. पर्यटन, व्यवसाय, नातेवाइकांची भेट या सगळ्यांसाठी व्हिसा हाच. फक्त अर्जातल्या उद्देशाच्या रकान्यात खूण वेगळी करायची आणि कागद वेगळे जोडायचे.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा

नियम असा आहे: जो देश तुमच्या प्रवासाचं मुख्य ठिकाण असेल, त्याच्याकडे. मुख्य ठिकाण ठरतं ते तिथल्या दिवसांवरून किंवा प्रवासाच्या हेतूवरून. इटलीत सहा रात्री, स्वित्झर्लंडमध्ये चार आणि फ्रान्समध्ये तीन, असं असेल तर विमान पॅरिसला उतरत असलं तरी अर्ज इटलीकडे जातो. दिवस सारखेच पडत असतील, तर ज्या देशातून शेंगेनमध्ये पहिलं पाऊल टाकणार त्याच्याकडे.

गुंता होतो तो काम आणि सहल एकत्र असली की. समजा, जर्मनीत तीन दिवसांचं व्यापारी प्रदर्शन आहे, आणि एवढं गेलोच आहोत तर पुढे चार दिवस ऑस्ट्रिया पाहायची आहे. दिवस ऑस्ट्रियाचे जास्त, पण निघायचं कारणच जर्मनीतलं प्रदर्शन. अशा वेळी माझा कल जर्मनीकडे अर्ज करण्याकडे राहील, मात्र कव्हर लेटरमध्ये, म्हणजे अर्जासोबत आपला बेत समजावून सांगणाऱ्या पत्रात, हे कारण दोन ओळींत स्पष्ट लिहिलंच पाहिजे. आता अर्जात एकापेक्षा जास्त उद्देशांवर खूण करता येते, त्यामुळे सहल लपवायचं कारण नाही.

'अमक्या देशाचा व्हिसा पटकन मिळतो, तिथून काढा आणि कुठेही फिरा' हा सल्ला तुम्हाला कुणी ना कुणी देणारच. तो ऐकू नका. तिथली हॉटेलं फाइलमध्ये दाखवायची आणि व्हिसा हातात पडला की रद्द करून भलतीकडेच जायचं, हा प्रकार अधिकाऱ्यांना नवा नाही. सीमेवर चौकशी झाली आणि व्हिसा खोट्या बेतावर काढलाय असं दिसलं, तर तो तिथेच रद्द होऊ शकतो. कार्यक्रम खरोखरच थोडासा बदलला, तर ती वेगळी गोष्ट.

देश ठरला की त्या देशाचं कोणतं दूतावास किंवा वाणिज्य दूतावास तुमच्या राहत्या पत्त्यासाठी आहे ते पाहायचं. प्रत्यक्ष कागद घेतात ती व्हिसा केंद्रं. बऱ्याच देशांसाठी हे काम व्हीएफएस ग्लोबल करते, स्पेनसाठी बीएलएस इंटरनॅशनल. देश पक्का झाल्यावर त्या देशाची, तुमच्या उद्देशाची कागदपत्रांची यादी केंद्राच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि तिच्याच क्रमाने फाइल लावा. नातेवाइकांनी मागच्या वर्षी वापरलेली यादी नको.

तारखांचा हिशोब

अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो. निर्णयाची सर्वसाधारण मुदत १५ दिवस आहे, आणि अधिक तपासणी लागली तर ती ४५ दिवसांपर्यंत जाऊ शकते. कागदावर हे सोपं दिसतं. घोडं अडतं ते अपॉइंटमेंटपाशी. आपल्याकडे मे महिन्याच्या सुट्टीत अर्धं गाव बाहेर निघतं, त्यामुळे मार्च-एप्रिलच्या तारखा बघता बघता संपतात. म्हणून उलट्या क्रमाने चाला: प्रवासाची तारीख, तिच्या आधीचे ४५ दिवस, त्याच्या आधी अपॉइंटमेंट, त्याच्या आधी कागद. मेमध्ये निघायचं असेल, तर जानेवारीत हालचाल सुरू झालेली बरी.

निर्णय येईपर्यंत पासपोर्टही त्यांच्याकडेच अडकलेला असतो, हे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. त्या काळात दुबईची मीटिंग किंवा सिंगापूरचं लग्न ठरवून ठेवू नका.

पासपोर्ट आत्ताच उघडून पाहा. तो मागच्या दहा वर्षांत दिलेला असावा, शेंगेनमधून बाहेर पडण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा आणि त्यात किमान दोन पानं कोरी असावीत. लहान मुलांचे पासपोर्ट पाच वर्षांचे असतात, त्यामुळे अख्ख्या कुटुंबाचा अर्ज धाकट्याच्या पासपोर्टवर अडतो.

फॉर्म, आणि आपली नावं

फॉर्म भरणं अवघड नाही. फ्रान्ससारख्या देशांचं स्वतःचं ऑनलाइन पोर्टल आहे, तिथे भरून छापील प्रत न्यायची. त्रास देतात ती आपली नावं.

मराठी माणसाचं नाव तीन भागांचं असतं, आणि प्रत्येक ठिकाणी ते निराळ्या तऱ्हेने लिहिलेलं असतं. पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात आणि स्वतःचं व वडिलांचं नाव दुसऱ्या रकान्यात, बँकेत नुसती आद्याक्षरं, कंपनीच्या पत्रात मधलं नाव गायब. फॉर्ममध्ये, तिकिटावर आणि विम्यावर नाव पासपोर्टवर आहे तसंच, स्पेलिंगसह, उतरवा. बाकीच्या कागदांत फरक असेल तर तो कव्हर लेटरमध्ये एका ओळीत सांगा. लग्नानंतर ज्यांचं नाव बदललं आहे, त्यांचं बँक खातं नव्या नावाने आणि पासपोर्ट माहेरच्या नावाने असू शकतो. अशा वेळी विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडाच, म्हणजे ती एकच व्यक्ती आहे हे अधिकाऱ्याला ताडावं लागणार नाही.

पूर्वी शेंगेनने नकार दिला असेल, तर तो लपवू नका. सगळ्या शेंगेन देशांची मिळून व्हीआयएस नावाची एक माहितीप्रणाली आहे. तुमचे जुने अर्ज आणि त्यांचे निकाल तिथे दिसतात.

पैशाचे कागद

इथे लोक सगळ्यात जास्त घाबरतात आणि घाबरून नको ते करतात. खात्यात किती रक्कम असावी, याचा सगळ्या देशांना लागू असा एकच आकडा नाही. प्रत्येक देश रोजच्या खर्चाचं आपलं प्रमाण ठरवतो. उदाहरणार्थ, फ्रान्सने हॉटेल आधीच ठरलेलं असेल तर दिवसाला ६५ युरो आणि कसलंच बुकिंग नसेल तर १२० युरो असं प्रमाण ठेवलेलं आहे. हा झाला किमान हिशोब. अधिकारी त्यापलीकडेही बघतो: हा खर्च या माणसाच्या कमाईला शोभतो का?

महिना साठ हजार पगार असलेल्या माणसाच्या खात्यात अर्जाच्या आठवडाभर आधी अचानक पाच लाख आले, तर ते पाच लाख मदतीऐवजी संशय निर्माण करतात. भावाकडून, मेव्हण्याकडून तात्पुरते पैसे फिरवून खातं फुगवायचा उद्योग करू नका. मोठी रक्कम खरोखर आली असेल, म्हणजे एफडी मोडली, गाडी विकली, बोनस मिळाला, तर त्याचा पुरावा स्टेटमेंटच्या मागे लावा. एफडी मोडायचीही तशी गरज नाही. तिचं बँकेचं प्रमाणपत्र जोडता येतं.

नोकरदारांनी द्यायचे ते मुख्य कागद असे: मागच्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट (काही देश सहा महिन्यांचं मागतात), तेवढ्याच पगाराच्या स्लिपा, आयकर विवरणपत्रं किंवा फॉर्म १६, आणि कंपनीचं रजा मंजुरीचं पत्र. या पत्रात हुद्दा, नोकरीला लागल्याची तारीख, पगार आणि रजेच्या तारखा असाव्यात. स्लिपेवरचा निव्वळ पगार आणि स्टेटमेंटमध्ये जमा झालेला आकडा एकच आहे ना, हे स्वतः पेन घेऊन तपासा. रजा १० ते २० तारखेची आणि परतीचं विमान २२चं, अशी फाइल अनेकांच्या हातून जाते.

व्यावसायिकांनी फर्मची नोंदणी, जीएसटी प्रमाणपत्र, फर्मचं आणि स्वतःचं अशी दोन्ही स्टेटमेंटं द्यावीत. शेतकऱ्यांना पगाराची स्लिप कुठून मिळणार? त्यांनी सातबारा उतारा, बाजार समितीच्या पट्ट्या, साखर कारखान्याची बिलं जोडावीत, आणि मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर सोबत लावावं. निवृत्तांसाठी पेन्शनचे कागद. गृहिणीचा खर्च नवरा करत असेल, तर त्याचे आर्थिक कागद, खर्च उचलत असल्याचं पत्र आणि विवाह प्रमाणपत्र.

मुलगा किंवा मुलगी तिकडे राहते आणि आईवडील भेटीला निघालेत, हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार. त्यांनी उद्देश 'पर्यटन' न लिहिता नातेवाइकांची भेट असा लिहावा. नुसतं घरगुती निमंत्रणपत्र पुरेलच असं नाही. फ्रान्समध्ये यजमानाला तिथल्या नगरपालिकेकडून निवासाचं अधिकृत प्रमाणपत्र काढावं लागतं, तर जर्मनीत पाहुण्याचा खर्च उचलायचा असेल तर यजमान परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन रीतसर हमीपत्र देतो. या कागदांना तिकडे वेळ लागतो, तेव्हा मुलाला आधीच कामाला लावा.

तिकीट, हॉटेल, विमा

व्हिसाच्या आधी पूर्ण पैसे भरून तिकीट काढायची सक्ती नसते, जाण्यायेण्याचं आरक्षण दाखवायचं असतं. पण आरक्षण खरं हवं. काही एजंट नुसता पीएनआर छापून देतात, आणि दुसऱ्या दिवशी तो विमान कंपनीच्या संकेतस्थळावर सापडत नाही. हॉटेलांसाठी विनाशुल्क रद्द होणारं बुकिंग सोयीचं पडतं. प्रत्येक रात्रीचा हिशोब लागला पाहिजे, आणि रात्रीच्या रेल्वेत जाणारी रात्रही लिहायची राहू नये. बुकिंगवर सोबतच्या सगळ्यांची नावं असावीत.

विमा किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा आणि मुक्कामाचे सगळे दिवस धरणारा हवा. आपत्कालीन उपचार, रुग्णालय आणि वेळ आली तर मायदेशी परत आणण्याचा खर्च त्यात असावा. अमेरिका आणि कॅनडा वगळून असलेली पॉलिसी स्वस्त पडते आणि इथे पुरते.

कव्हर लेटर

यादीतला हा सगळ्यात दुर्लक्षित कागद, आणि माझ्या मते सगळ्यात कामाचा. नेटवरचा आयता नमुना चिकटवू नका. 'युरोपच्या समृद्ध संस्कृतीचं मला लहानपणापासून आकर्षण आहे' छापाची वाक्यं कुणी वाचत नाही. एका पानात पुढच्या गोष्टी बसवा: कोण जाणार, कधी ते कधी, का, खर्च कोण करणार, आणि परत येण्याची कारणं कोणती. ही कारणं ठोस हवीत. चालू नोकरी, मुलांची शाळा, घरी असलेले वृद्ध आईवडील, चालता धंदा. त्याखाली दिवसवार तक्ता: तारीख, शहर, मुक्काम, तिथून पुढे कशाने जाणार. फाइलमध्ये जे काही विचित्र दिसेल, म्हणजे नोकरी नुकतीच बदललेली, मोठी रक्कम आलेली, नावात फरक, ते इथेच आपणहून सांगून टाका. अधिकाऱ्याला पडणारा प्रश्न त्याने विचारण्याआधी उत्तरासह मांडला, की अर्धं काम झालं.

कामासाठी जाणाऱ्यांना

या व्हिसावर बैठका, प्रदर्शन, करारावर सही, ग्राहकाची भेट चालते. तिथल्या कंपनीत बसून नोकरी केलेली चालत नाही. तिकडच्या कंपनीचं निमंत्रण तिच्या लेटरहेडवर हवं, आणि त्यात तुमचं नाव, पासपोर्ट क्रमांक, भेटीचं कारण, तारखा, कोणता खर्च कोण करणार आणि सही करणाऱ्याचा हुद्दा असावा. इकडच्या कंपनीचंही तेच सांगणारं पत्र लागतं. हॉटेलचा खर्च तेही करणार म्हणतात आणि हेही, किंवा दोघंही त्याबद्दल गप्प बसतात, असं घडतं. दोन्ही पत्रांचे मसुदे आधी शेजारी ठेवून वाचा. प्रदर्शनाला जाणार असाल, तर प्रवेशिका किंवा स्टॉलच्या नोंदणीची पावती लावा.

अपॉइंटमेंटचा दिवस

फोटो ३५ × ४५ मिलिमीटरचा, सहा महिन्यांच्या आतला. फी प्रौढांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५ युरो, त्याहून लहानांना नाही. ती रुपयांत भरायची, केंद्राचं सेवाशुल्क वेगळं, आणि नकार आला तरी फी परत मिळत नाही. बोटांचे ठसे ५९ महिने वापरता येतात, १२ वर्षांखालच्या मुलांचे घेत नाहीत. जास्त पैसे घेऊन दिली जाणारी खास दालनाची सोय आरामासाठी आहे, तिचा निर्णयावर परिणाम होत नाही. खिडकीवरच्या माणसाने एखादा कागद 'नको' म्हटला, तरी तुम्हाला तो महत्त्वाचा वाटत असेल तर ठेवायला सांगा.

स्टिकर नीट वाचा

व्हिसा मिळाला की आनंदात पासपोर्ट कपाटात टाकू नका. स्टिकरवर तीन गोष्टी बघा: कधीपासून कधीपर्यंत, किती प्रवेश, आणि किती दिवस. यातली पहिली आणि तिसरी एक नव्हे. दहा दिवसांच्या सहलीला २५ दिवसांची मुदत आणि राहण्याचे दिवस १० असं मिळू शकतं. वरचे १५ दिवस तारीख पुढेमागे सरकली तर सोय म्हणून असतात. राहता येतं ते दहाच दिवस, आणि पोहोचल्याचा व निघाल्याचा हे दोन्ही दिवस त्यात धरले जातात. नावात, पासपोर्ट क्रमांकात चूक दिसली तर लगेच केंद्राला कळवा.

नकार आला तर

नकाराबरोबर ठरावीक नमुन्यातलं पत्र येतं आणि त्यावर कारणाला खूण केलेली असते. नेहमी दिसणारी कारणं म्हणजे प्रवासाचा हेतू पुरेसा सिद्ध झाला नाही, खर्चाची तरतूद दिसली नाही, दिलेली माहिती विश्वासार्ह वाटली नाही, किंवा मुदत संपण्याआधी परत जाण्याबद्दल शंका आहे. अपील करायचा हक्क असतो, त्याची पद्धत आणि मुदत त्याच पत्रात दिलेली असते. अधिकाऱ्याने समोर असलेला कागदच पाहिला नाही असं वाटत असेल, तर अपील करा. कागद खरोखरच कमी होते, तर नवा अर्ज बहुधा लवकर मार्गी लागतो. पुन्हा अर्ज करण्यासाठी ठरावीक काळ थांबायची अट नाही, पण तीच फाइल दुसऱ्यांदा देण्यात अर्थ नाही.

विमानतळावर आणि परत आल्यावर

व्हिसा असला तरी सीमेवरचा अधिकारी प्रश्न विचारू शकतो, म्हणून हॉटेल, विमा, परतीचं तिकीट आणि निमंत्रणपत्राच्या प्रती हातातल्या बॅगेत ठेवा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या बाह्य सीमांवर येण्याजाण्याची डिजिटल नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. शिक्क्यांची जागा ती घेते, आणि दिवस संगणक मोजतो, त्यामुळे एखादा दिवस जास्त राहिलात तर तोही लपत नाही.

घरी आल्यावर जुना पासपोर्ट, व्हिसाची प्रत आणि बोर्डिंग पास जपून ठेवा. भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी युरोपीय आयोगाने १८ एप्रिल २०२४ रोजी खास नियम केला. मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा मिळवून ते नियमानुसार वापरले असतील, तर दोन वर्षांचा, अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळू शकतो. त्याच्यानंतर पाच वर्षांचा, पासपोर्टची मुदत तेवढी शिल्लक असेल तर. त्यासाठी दुसऱ्या व्हिसानंतरच्या कव्हर लेटरमध्ये आधीच्या दोन्ही व्हिसांचे क्रमांक आणि प्रवासाच्या तारखा लिहून दीर्घ मुदतीची मागणी स्पष्ट शब्दांत करा.